विश्लेषण: नानचाकूने टेबल टेनिस खेळणारा ब्रूस ली खरा की खोटा? दंतकथांमागचा माणूस नेमका कसा होता?

जुनाट दिसणारा, दाणेदार व्हिडीओ. टेबल टेनिसचे टेबल. एका बाजूला बॅट घेतलेला खेळाडू आणि समोर हातात नानचाकू घेतलेला ब्रूस ली. चेंडू येतो, साखळीने जोडलेली दोन दांडकी गरकन फिरतात आणि चेंडू तितक्याच वेगाने परत जातो. समोरचा खेळाडू हरतो. ‘दुर्मीळ फुटेज’ म्हणून हा व्हिडीओ अनेकांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेला आहे आणि अनेकांनी तो पुढेही पाठवला आहे.

हा व्हिडीओ खोटा आहे. नोकियाने २००८ मध्ये ‘एन९६’ या फोनच्या ब्रूस ली विशेष आवृत्तीसाठी चीनमध्ये केलेली ती जाहिरात आहे. त्यातला माणूस ब्रूस लीसारखा दिसणारा कलाकार आहे आणि चेंडू नंतर संगणकावर टाकलेला आहे. जाहिरात आली तेव्हा ब्रूस लीला जाऊन ३५ वर्षे झाली होती.

तरीही तो खरा वाटतो. याचे कारण जाहिरातीत कमी आणि ब्रूस लीच्या नावात जास्त आहे.

अतिशयोक्ती तर रजनीकांतबद्दलही होते. मग फरक काय?

रजनीकांतवरचे विनोद आपल्याकडे ‘रोबोट’च्या आसपास, म्हणजे २०१० च्या सुमारास, एसएमएसमधून धो धो वाहत होते. अमेरिकेत त्याआधी, २००५ पासून, चक नॉरिस या अभिनेत्यावर तशाच विनोदांची लाट आली होती. नॉरिस दंडबैठका काढत नाही, तो पृथ्वीला खाली ढकलतो, अशा धर्तीचे. पाठवणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते की ही थट्टा आहे.

नॉरिसच्या प्रत्येक विनोदावर एक हुकमी उत्तर असते: त्याला पडद्यावर ब्रूस लीने लोळवले होते. हे मात्र खरे आहे. १९७२ च्या ‘वे ऑफ द ड्रॅगन’मध्ये रोमच्या कलोसियममध्ये दोघांची लढत आहे आणि तीत नॉरिसचे पात्र मरते.

गंमत अशी की ब्रूस लीबद्दलची अतिशयोक्ती विनोद म्हणून फिरत नाही. ती माहिती म्हणून फिरते. तो इतका वेगवान होता की कॅमेऱ्यात दिसायचाच नाही. हवेत फेकलेले तांदळाचे दाणे तो चॉपस्टिकने पकडायचा. एक इंचावरून मारलेल्या ठोशाने माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचा. अशा याद्यांमध्ये खरे आणि खोटे इतके मिसळले आहे की वेगळे करणे अवघड. यांतल्या काही गोष्टी पूर्ण खोट्या नाहीत, हीच खरी अडचण आहे. दुसरी अडचण म्हणजे या याद्यांमध्ये त्याच्या शरीराचा खरा इतिहास कुठेच नसतो.

मग ते शरीर कसे होते?

ब्रूस लीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या रुग्णालयात झाला. चिनी पंचांगानुसार ते वर्ष ड्रॅगनचे होते. वडील ली होई-च्युएन कँटोनीज संगीतनाटकातले नट. नाटक कंपनीच्या दौऱ्यावर अमेरिकेत आले होते. आई ग्रेस हो हिच्या घराण्यात युरोपीय रक्त होते. मुलाचे नाव ली जुन-फान. ‘ब्रूस’ हे रुग्णालयात मिळालेले इंग्रजी नाव. काही महिन्यांचा असतानाच तो एका चित्रपटात तान्ह्या बाळाच्या भूमिकेत दिसला आणि १९४१ मध्ये कुटुंब हाँगकाँगला परतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपानने हाँगकाँग घेतले. त्याचे बालपण त्या ताब्यात सुरू झाले.

मूल किरकोळ अंगाचे होते. पुढे दृष्टी इतकी अधू झाली की चष्म्याशिवाय चालेना. लढताना चष्मा घालता येत नाही म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स फारशा प्रचारात नव्हत्या तेव्हापासून तो त्या वापरू लागला. उंची जेमतेम पाच फूट सात-आठ इंच, वजन साठ-पासष्ट किलोच्या घरात. जन्माने अमेरिकी नागरिक असल्याने १९६३ मध्ये सक्तीच्या लष्करी भरतीसाठी त्याची तपासणी झाली. तीत तो नापास झाला. एक वृषण जन्मापासून खाली उतरलेले नव्हते, हे त्यामागचे वैद्यकीय कारण. जगातला सर्वांत तंदुरुस्त माणूस म्हणून ज्याचे पोस्टर जिममध्ये लागते, तो लष्कराच्या कागदावर सेवेसाठी अयोग्य होता.

मारामारी शिकण्यामागे काय होते?

बालकलाकार म्हणून त्याचे नाव झाले होते. १९५० च्या ‘द किड’मध्ये तो मुख्य भूमिकेत होता. पडद्यावरचे त्याचे नाव ली सिउ-लुंग, म्हणजे छोटा ड्रॅगन, तेव्हापासूनचे. विशीच्या आत त्याने वीसच्या आसपास चित्रपट केले होते. पण पडद्याबाहेर हाँगकाँगच्या गल्ल्यांत टोळीबाजी होती आणि हा मुलगा तीत हिरिरीने असे. किशोरवयात तो इप मॅन यांच्याकडे विंग चुन शिकू लागला. हेच ते इप मॅन, ज्यांच्यावर डॉनी येनचे चित्रपट निघाले. प्रत्यक्षात ब्रूसचा बराचसा सराव त्यांचे ज्येष्ठ शिष्य वाँग शुन-ल्युंग यांच्याकडे झाला. आईकडच्या मिश्र रक्तामुळे वर्गातल्या काही मुलांनी त्याच्याबरोबर शिकायला नकार दिल्याचे सांगितले जाते.

१९५८ मध्ये त्याने शालेय बॉक्सिंग स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी चा-चा-चा नृत्याची हाँगकाँगची स्पर्धाही. या दोन्ही गोष्टी नीट शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत, कारण पुढे पडद्यावर दिसलेले ते पायांचे काम रिंगणातून जितके आले तितकेच नाचाच्या फरशीवरूनही आले. आणि ती शालेय स्पर्धा हीच त्याच्या नावावर नोंद असलेली जवळपास एकमेव औपचारिक लढत आहे. ब्रूस ली कधीही व्यावसायिक लढत लढला नाही. त्याचा ‘रेकॉर्ड’ म्हणून जे आकडे फिरतात त्यांना आधार नाही.

मारामाऱ्या वाढल्या, पोलिसांपर्यंत गोष्ट जाऊ लागली, तेव्हा १९५९ मध्ये घरच्यांनी त्याला अमेरिकेच्या बोटीत बसवले. खिशात १०० डॉलर. वाटेत बोटीवरच्या वरच्या वर्गाच्या प्रवाशांना त्याने नाच शिकवला. सिएटलमध्ये रुबी चाऊ यांच्या रेस्टॉरंटमध्ये वेटर, राहायला तिथेच जिन्याखालची छोटी खोली. दिवसा शिक्षण. १९६१ मध्ये त्याने वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. तिथे नाट्यशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे वर्ग केले, पण पदवी पूर्ण केली नाही.

तिथे त्याने शिकवायला सुरुवात केली आणि पहिला शिष्य होता जेसी ग्लोव्हर, एक कृष्णवर्णीय ज्युदोपटू. त्या काळात अमेरिकेतले बहुतेक चिनी गुरू परक्यांना ही विद्या देत नसत. ब्रूसच्या वर्गात गोरे, काळे, जपानी वंशाचे सगळेच होते. १७ ऑगस्ट १९६४ रोजी त्याने शिष्यांपैकीच एक असलेल्या लिंडा एमरीशी लग्न केले. लिंडा गोरी होती आणि तिच्या घरून या लग्नाला विरोध होता.

एक इंचाचा ठोसा खरा होता का?

हो. ऑगस्ट १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे एड पार्कर यांनी भरवलेल्या कराटे स्पर्धेत ब्रूसने तो दाखवला. त्याच ठिकाणी एका हाताच्या दोन बोटांवर जोरही काढून दाखवले. दोन बोटांचे जोर चित्रफितीत आहेत आणि त्यात कसलीही हातचलाखी नाही.

ठोशामागचे गणित मात्र समजून घेतले तर जादू कमी होते आणि कौतुक वाढते. एक इंच म्हणजे सुमारे अडीच सेंटीमीटर. इतक्या अंतरात नुसत्या हाताला वेग घेता येत नाही. जोर येतो तो मागच्या पायाच्या टाचेतून, मग गुडघा, कंबर, खांदा आणि शेवटी कोपर झटक्यात सरळ होते. हे सगळे एका क्षणात, योग्य क्रमाने झाले तर जवळपास संपूर्ण शरीराचे वजन त्या मुठीमागे येते. एक सांधा थोडा आधी किंवा उशिरा हलला की जोर वाया जातो. हे जमवायला वर्षे लागतात.

आता समोरचा माणूस. तो बहुधा पाय शेजारी-शेजारी ठेवून सरळ उभा असे आणि मागे खुर्ची ठेवलेली असे. एसटीत दांडी न धरता, पाय जुळवून उभे राहिलेल्या प्रवाशाचे काय होते ते आठवा. चालकाने बस जरा झटक्याने पुढे काढली तरी तो मागे कोलमडतो. छातीवर पुढून धक्का बसला की अशा उभ्या माणसाला सावरायला मागे पायच नसतो. तो खुर्चीत बसतो आणि खुर्चीसकट मागे घसरतो. पाहणाऱ्याला वाटते की माणूस उडाला. धक्का जोरदार होता यात शंका नाही, पण खोलीच्या टोकापर्यंत माणूस नेण्याचे काम खुर्ची आणि नंतरच्या सांगणाऱ्यांनी केले.

कॅमेऱ्याचीही कथा अशीच. ‘द ग्रीन हॉर्नेट’ या अमेरिकी मालिकेत (१९६६-६७) तो नायकाचा चालक आणि साथीदार केटो होता. लाँग बीचच्या प्रात्यक्षिकाची ख्याती हॉलीवूडमध्ये पोहोचल्यामुळे ही भूमिका मिळाली. तिथे त्याला हालचाली सावकाश करायला सांगावे लागले, हे त्याच्याबरोबर काम केलेल्यांनी सांगितले आहे. त्यात अशक्य काही नाही. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे टिपतो. एखादा ठोसा सेकंदाच्या दहाव्या भागात संपला तर तो दोन-तीन चित्रांतच येतो आणि तीही पुसट. प्रेक्षकाला हात निघालेला दिसतो, लागलेला दिसतो, मधले काही कळत नाही. म्हणजे कॅमेरा हरला नव्हता, प्रेक्षकाच्या डोळ्यांना वेळ हवा होता. मालिकेत त्याला मानधन नायकापेक्षा खूपच कमी होते आणि संवादही मोजकेच. पण हाँगकाँगमध्ये लोक तिला केटोची मालिका म्हणूनच ओळखत.

बंद दाराआडच्या लढतीत काय झाले?

दंतकथा कशी तयार होते हे पाहायचे असेल तर १९६४ च्या अखेरची ओकलंडमधली लढत पाहावी. ब्रूस तेव्हा ओकलंडमध्ये वर्ग चालवत होता. सॅन फ्रान्सिस्कोतला वाँग जॅक मॅन हा तरुण उस्ताद त्याच्याशी लढायला आला. दार बंद, मोजके साक्षीदार, चित्रफीत नाही.

लिंडा तिथे हजर होती. तिच्या सांगण्यानुसार चिनी नसलेल्यांना शिकवणे थांबव, नाहीतर लढ, असे हे आव्हान होते आणि ब्रूसने सुमारे तीन मिनिटांत वाँगला शरण आणले. वाँगच्या बाजूचे म्हणणे वेगळे. आव्हानाचे कारण हे नव्हतेच, ब्रूसनेच एका कार्यक्रमात मंचावरून सर्वांना डिवचले होते. लढत वीस-पंचवीस मिनिटे चालली आणि निकाल स्पष्ट लागला नाही. वाँगने नंतर चिनी वृत्तपत्रात आपली बाजू छापून उघड लढतीचे आव्हान दिले. ती लढत झाली नाही.

कोण खरे, हे ठरवता येत नाही. पण दोन्ही बाजूंच्या कथनातून एक गोष्ट निघते आणि ती कुठल्याही फॉरवर्डमध्ये नसते: लढत संपली तेव्हा ब्रूस धापा टाकत होता. प्रतिस्पर्धी पळू लागल्यावर विंग चुनच्या आखीव चाली अपुऱ्या पडल्या आणि दम पुरला नाही. जिंकलेल्या माणसाने फुशारकी मारायची, त्याऐवजी तो अस्वस्थ झाला. मग धावणे आले, वजने आली, दोरीच्या उड्या आल्या. बॉक्सिंगच्या चित्रफिती आल्या. महंमद अलीच्या लढती तो पुन्हा पुन्हा पाहत असे. तलवारबाजीतले पदन्यास आले. यातून जे तयार झाले त्याला १९६७ मध्ये त्याने जीत कुन दो हे नाव दिले. ठरलेल्या चाली नाहीत, जे कामाचे ते ठेवायचे, बाकीचे टाकायचे, असा तो विचार. आज मिक्स्ड मार्शल आर्ट्सवाले त्याला आपला पूर्वज मानतात ते यासाठी.

पाठ मोडली तेव्हा

त्याच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ पडद्यावर कधी आला नाही. तो एका पलंगावर गेला.

मालिका संपल्यावर काम मिळेना. स्टीव्ह मॅक्वीन, जेम्स कोबर्न, बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार अशा लोकांना तो खासगी धडे देत होता. तासाला २७५ डॉलरपर्यंत दर गेला होता, पण मिळकत नियमित नव्हती. मुलगा ब्रँडन पाच वर्षांचा, मुलगी शॅनन एक वर्षाची, डोक्यावर घराचे कर्ज. ऑगस्ट १९७० मध्ये एका सकाळी अंग न तापवताच त्याने खांद्यावर सुमारे ५७ किलो वजन घेऊन कमरेत वाकण्याचा व्यायाम केला. हे वजन जवळपास त्याच्या स्वतःच्या वजनाइतके होते. कमरेखालच्या मज्जातंतूला इजा झाली. डॉक्टरांनी सांगितले की आता लाथ मारणे विसरायचे.

लाथ हीच ज्याची ओळख आणि ज्याच्या घराचा हप्ता त्यावर चालतो, अशा माणसाला २९ व्या वर्षी हे ऐकावे लागले. पुढचे काही महिने तो पलंगावर होता. घर चालवायला लिंडाने टेलिफोन निरोप घेणाऱ्या सेवेत संध्याकाळ-रात्रीची नोकरी धरली आणि नवरा घरी मुलांपाशी राहिला. त्या पडून असण्याच्या काळात त्याने वाचले आणि वह्याच्या वह्या भरल्या. लढण्याविषयीची टिपणे, आकृत्या, विचार. त्याच्या मृत्यूनंतर, १९७५ मध्ये, त्याच नोंदींमधून ‘ताओ ऑफ जीत कुन दो’ हे पुस्तक निघाले.

तो उठला, लाथही मारू लागला. पण पाठदुखी शेवटपर्यंत गेली नाही. त्यानंतर प्रदर्शित झालेल्या, जगाने डोक्यावर घेतलेल्या सगळ्या चित्रपटांत तो ही दुखरी पाठ घेऊन लढला आहे. उडी मारून मारलेली ती लाथ पुन्हा पाहताना हे लक्षात ठेवले तर ती वेगळी दिसते.

भारतात कशासाठी आला होता?

दुखणे ताजे असतानाच, १९७१ च्या सुरुवातीला, ब्रूस ली भारतात येऊन गेला. पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट आणि अभिनेता कोबर्न यांच्याबरोबर ‘द सायलेंट फ्लूट’ या नियोजित चित्रपटासाठी जागा शोधायला. भारतच का, तर वॉर्नर ब्रदर्सचे इथे कमावलेले रुपये परकीय चलनाच्या नियमांमुळे बाहेर नेता येत नव्हते. ते इथेच खर्चायचे होते. तिघे दिल्ली, राजस्थानचे वाळवंट, मद्रास, गोवा असे फिरले. कोबर्नला जागा पटल्या नाहीत आणि चित्रपट बारगळला. गोव्याच्या किनाऱ्यावर तेव्हा त्याला क्वचितच कोणी ओळखले असेल. दोन-तीन वर्षांनी चित्र पार बदलणार होते.

रिकाम्या हाताने परतलेल्या ब्रूसने मग हाँगकाँगच्या रेमंड चाऊ यांच्या गोल्डन हार्वेस्टचा प्रस्ताव घेतला. दोन चित्रपट, १५ हजार डॉलर. थायलंडमध्ये चित्रित झालेल्या ‘द बिग बॉस’ने १९७१ मध्ये हाँगकाँगच्या कमाईचे तोवरचे विक्रम मोडले. पुढच्या वर्षी ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ने ते पुन्हा मोडले. ‘वे ऑफ द ड्रॅगन’ त्याने स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला. कलोसियमची काही दृश्ये रोममध्ये घेतली, पण लढत बहुतांश हाँगकाँगच्या स्टुडिओत उभारलेल्या सेटवर झाली.

ती लढत आज ‘ब्रूस लीने नॉरिसला धुतले’ एवढ्यापुरती उरली आहे. यूट्यूबवर ती पूर्ण पाहावी. सुरुवातीला ब्रूसचे पात्र मार खाते. जुन्या पद्धतीने लढून चालत नाही हे त्याला कळते, तो पाय मोकळे करतो, ताल बदलतो आणि मग पारडे फिरते. ओकलंडच्या रात्रीचाच हा धडा आहे. शेवटी मेलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर तो त्याचाच कराटेचा सदरा आणि पट्टा ठेवतो. ज्या प्रसंगातून इतके टगेगिरीचे विनोद निघाले, तो प्रसंग असा संपतो.

‘एंटर द ड्रॅगन’ हा हॉलीवूडचा चित्रपट १९७३ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये सुरू झाला. बजेट साधारण साडेआठ लाख डॉलर, म्हणजे हॉलीवूडच्या मानाने किरकोळ. बॉब वॉलबरोबरच्या मारामारीत खऱ्या काचेची फुटकी बाटली वापरली होती. ती ब्रूसच्या हातात घुसली आणि टाके पडले. नागाच्या दृश्यात नाग चावला, विष काढलेले होते म्हणून निभावले. पडणाऱ्या-झडणाऱ्या स्टंटमनच्या गर्दीत जॅकी चॅन नावाचा एक पोरगा होता.

मृत्यू कशाने झाला?

१० मे १९७३. स्टुडिओत ‘एंटर द ड्रॅगन’चे डबिंग चालू होते. आवाजात खरखर येऊ नये म्हणून एसी बंद. हाँगकाँगचा मे महिना मुंबईकरांना वेगळा सांगायला नको. ब्रूस कोसळला, झटके आले. मेंदूला सूज होती. वेळेत उपचार मिळाले आणि वाचला. लॉस एंजेलिसला जाऊन त्याने तपासण्या करून घेतल्या, तिथल्या डॉक्टरांनी तब्येत ठणठणीत असल्याचे सांगितले.

२० जुलैला तो अभिनेत्री बेटी टिंग पेईच्या फ्लॅटवर होता. डोके दुखू लागले. तिने इक्वाजेसिक ही वेदनाशामक गोळी दिली. तो झोपला आणि उठला नाही. वय ३२. शवविच्छेदनात मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅमऐवजी १५७५ ग्रॅम भरले. बाहेरून एकही जखम नव्हती.

पहिली बातमी आली की तो घरी, पत्नीबरोबर बागेत असताना गेला. हे खोटे होते आणि रुग्णवाहिका कुठून आली याचा शोध घेऊन वृत्तपत्रांनी ते लवकरच उघडे पाडले. तिथून अफवांना जे रान मिळाले ते आजतागायत. गुन्हेगारी टोळ्यांनी मारले. विष दिले. कुणा उस्तादाने गुप्त स्पर्शाने, महिन्यांनी मरण येईल असा घाव घातला होता. घराच्या छपरावरचा वास्तुदोष घालवणारा आरसा वादळात उडाला होता. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: ज्याच्याबद्दल इतके ऐकले, तो माणूस डोकेदुखी आणि एका गोळीने मरू शकतो, हे लोकांना पटेना. मृत्यूही त्याच्या दंतकथेला साजेसा हवा होता.

सप्टेंबरमधल्या न्यायालयीन चौकशीत लंडनचे नामांकित विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टिअर यांनी गोळीतल्या घटकांची तीव्र प्रतिक्रिया हे कारण मांडले. अपघाती मृत्यू असा निष्कर्ष निघाला.

‘एंटर द ड्रॅगन’ अमेरिकेत ऑगस्टमध्ये प्रदर्शित झाला. आपला सर्वांत मोठा चित्रपट त्याने गर्दीत बसून पाहिलाच नाही. हाँगकाँगमध्ये अंत्यदर्शनाला हजारो लोक लोटले. दफन मात्र सिएटलला झाले, खांदा देणाऱ्यांत मॅक्वीन आणि कोबर्न होते.

मेल्यानंतरही काम का थांबले नाही?

कारण निर्मात्यांना तो हवा होता. ब्रूस ली, ब्रूस ले, ड्रॅगन ली अशा नावांचे नकली नायक घेऊन चित्रपटांचा रतीब सुरू झाला. (पहिल्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग थोडे वेगळे होते, देवनागरीत तोही फरक उरत नाही.) अर्धवट राहिलेला ‘गेम ऑफ डेथ’ १९७८ मध्ये तोतयांना घेऊन पूर्ण केला गेला. एका दृश्यात आरशावर चक्क त्याच्या चेहऱ्याचे पुठ्ठ्याचे कटआउट चिकटवलेले दिसते. कथानकात मेल्याचे सोंग होते, तिथे त्याच्या खऱ्या अंत्यसंस्काराची दृश्ये वापरली. त्याच कथेत चित्रीकरणादरम्यान नटाला खरी गोळी लागते. मुलगा ब्रँडन ३१ मार्च १९९३ रोजी ‘द क्रो’च्या सेटवर बंदुकीच्या अपघातात गेला, वयाच्या २८ व्या वर्षी. त्यानंतर शापाच्या अफवेला नवे बळ आले. वडिलांशेजारीच त्याला सिएटलमध्ये पुरले आहे.

एक वेगळी गोष्ट बोस्नियातल्या मोस्तारची. यादवी युद्धाने वांशिक तुकडे पडलेल्या या शहरात नोव्हेंबर २००५ मध्ये ब्रूस लीचा पुतळा उभा राहिला. बोस्नियाक, क्रोएट, सर्ब अशा सगळ्यांना चालेल असा दुसरा नायक सापडेना, म्हणून हा. हाँगकाँगमधला पुतळा त्याच्या दुसऱ्या दिवशी उघडला गेला. मोस्तारच्या पुतळ्याची लगेचच मोडतोडही झाली.

मृत्यूच्या कारणावर अजून लिहिले जाते. चरित्रकार मॅथ्यू पॉली यांनी २०१८ मध्ये उष्माघाताची शक्यता मांडली: मे महिन्यातले कोसळणे उकाड्यात झाले होते, शेवटच्या काळात त्याचे वजन घटले होते आणि पडद्यावर घाम वाईट दिसतो म्हणून त्याने काखेतल्या घामाच्या ग्रंथी काढून घेतल्या होत्या. २०२२ मध्ये ‘क्लिनिकल किडनी जर्नल’मध्ये स्पेनमधल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी आणखी एक तर्क मांडला. शरीरातले जादा पाणी बाहेर टाकण्याची त्याच्या मूत्रपिंडांची क्षमता कमी पडली असावी, त्यामुळे रक्तातले सोडियम उतरून मेंदूला सूज आली असावी. लेखकांनी हे गृहीतक म्हणूनच मांडले आहे. नवीन तपासणी झालेली नाही आणि इतक्या वर्षांनी ती शक्यही नाही. बातम्यांच्या मथळ्यांमध्ये त्याचे झाले, जास्त पाणी प्यायल्याने ब्रूस लीचा मृत्यू. ‘असावी’ हा शब्द तेवढा वाटेत गळाला.